गडवाभर पाणी

१

टापूटोल्यावर पाहुणा आला की लोक आधी त्याचे पाय बघत, मग तोंड. हसू नका. त्या गावाची जागाच तशी होती. कोहळी जातीच्या कुठल्याशा पूर्वजांनी पाळ, म्हणजे मातीचा बांध, घालून हा अफाट तलाव बांधला, पाणी चढलं, आणि मधोमध एक टेकाड तेवढं उघडं राहिलं. त्यावर मूठभर घरं, दोन चिंचा आणि एक मारुती. पावसाळ्यात तलाव भरला की थेट होळीपर्यंत चारी बाजूंनी पाणीच पाणी. यायचं तर डोंग्यातून, म्हणजे अख्खं खोड कोरून केलेल्या होडीतून. आणि तो डोंगाही मेला काठाला लागायचा नाही. अलीकडेच गाळात रुतायचा. तिथून पुढं ज्यानं त्यानं गुडघाभर काळ्या चिखलातून आपल्या पायांनी चढायचं. व्याही असो की सरकारी अंमलदार, टापूटोल्यावर आला तो गुडघ्यापर्यंत काळा होऊनच आला.

मग घरच्या माणसानं गडवाभर, म्हणजे तांब्याभर, पाणी घेऊन उंबऱ्याबाहेर यायचं आणि पाहुण्याच्या पायांवर ओतायचं. पाणी पडलं की पाहुणा त्या घरचा झाला. कोण, कुठला, किती दिवस राहणार, असलं काही विचारायचं नाही. चिखल घेऊन आला, एवढं पुरे.

फक्त नव्या नवरीचे पाय गाळाला लागू द्यायचे नाहीत. तिला डोंगेवाला बकाराम ढिवर डोंग्यातून खांद्यावर उचलून कोरड्या जमिनीवर आणून ठेवी, आणि त्याबद्दल त्याला नवं धोतर मिळे.

आलेकसाहेब हा टापूवरचा सगळ्यांत जुना पाहुणा. नाव अलेक्झांडर मॅकरे, मुलूख स्कॉटलंड. गोंद्याहून चांद्याकडे रेल्वेची छोटी लाइन पडली तेव्हा तिच्या पुलांवर देखरेखीला आलेला. बायकोचं या हवेशी पटलं नाही आणि नवऱ्याशी तर त्याहून नाही. ती चार वर्षांची पोर घेऊन मायदेशी निघून गेली. साहेबानं पुढं नोकरी सोडली, एकदा बदकं मारायला म्हणून टापूटोल्यावर आला, आणि राहिलाच. कवेलूचं, म्हणजे कौलारू, दोन खोल्यांचं घर बांधलं. गावाचे कंदील दुरुस्त करी, तापकऱ्याला क्विनाइन पाजी, लाखोरीची डाळ आणि मासोळ्यांचं कालवण हातानं कालवून खाई. बोलायलाही शिकला होता, पण असा की वाक्यावाक्याला 'काऊन', म्हणजे 'का', घालायचा. बायका पदरात तोंड घालून हसत.

स्वयंपाकाला सुभद्राबाई होती. उमराव पाटलाची विधवा बहीण. आधी ती भाकर टाकून घरी जायची, मग हळूहळू जायची बंद झाली. गावानं थोडे दिवस कुजबुज केली आणि मग तेही सोडून दिलं. उमराव एकदाच म्हणाला होता, "साहेब, तिले रडवू नका म्हंजे झालं." साहेबानं तिला कधी रडवलं नाही, हे मी शपथेवर सांगतो.

पण आतल्या खोलीत एक लोखंडी खाट होती. तिच्यावर कुणी झोपत नसे. गोंद्याहून मागवलेली, मच्छरदाणीसकट. ती एल्सीची, म्हणजे साहेबाच्या लेकीची. दर नाताळाला तो तिला लिहायचा की ये. उत्तर नाही. मागच्या वर्षी मात्र एक फोटो आला होता, मागं एक अक्षर न लिहिता. टोपी, लांब हात, पांढरे जोडे, अगदी बापाचं नाक. साहेबानं तो खाटेच्या उशाशी टांगला आणि त्या दिवशी सगळ्या गावाला गूळ वाटला.

"बकाराम," तो डोंगेवाल्याला म्हणाला होता, "माझी पोरगी आली तर नवरीसारखी आणायची. खांद्यावर. जोड्याले चिखल लागला तर तुझं डोकं फोडीन. नाही लागला तर धोतर."

"काठाचं पायजे, जी," बकाराम म्हणाला. "साध्यावर नाई भागत."

तिला एकदा डोळ्यांनी बघायची आणि मग मरायचं. एवढंच त्या माणसाचं मागणं होतं.

२

दिवाळी झाली. आपल्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्रभर दंडार, म्हणजे गावकऱ्यांचं नाटक, होते, आणि पाहुण्यांनी घरं फुटायला येतात. टापूटोल्याची मंडई दोन दिवसांवर आली होती. साहेब भर दुपारी ओसरीवर दंडारीसाठी गॅसबत्ती उघडून बसला होता. सुभद्राबाई आत सिंगाडे सोलत होती. उन्हानं सगळी गल्ली आंबली होती, कुत्रंसुद्धा हलत नव्हतं.

एक बाई गल्लीतून वर आली. तरुण, लाल लुगडं, डोक्यावर गाठोडं. साहेबाकडे बघून हसली आणि समोरच्या यादोरावच्या दारात थांबली.

"मावशी ओ! मी केसोरीची शामकला."

यादोरावची बायको रुख्मा बाहेर आली. "अगं माय! केवढी झाली व! येकटीच आली का?" म्हणत गडवा आणायला आत पळाली.

साहेबाची नजर सहज खाली गेली. इतक्या वर्षांत त्यालाही पाय बघायची खोड लागली होती. बाईच्या पायांना चिखल नव्हता. धूळ होती. लाल, बारीक, घोट्याच्या वरपर्यंत चढलेली, बैलगाडीच्या वाटेनं कोसभर चालल्यावर चढते तशी.

तो थांबला. टापूटोल्यावर लाल माती नव्हतीच. जमीन सगळी काळी. बरं, उतारावर पाय धुतले म्हणावं तर धूळ कशी राहील? आणि धुतले नाहीत तर चिखल कुठं गेला?

रुख्मानं पाणी ओतलं. पाणी पायांवरून वाहिलं, दगडावरून ओघळलं, स्वच्छ. धूळ जिथल्या तिथं. बाई म्हणाली, "आता बरं वाटलं मावशी," आणि वाकून आत गेली.

साहेबानं मान झटकली. ऊन डोक्यात गेलं असेल. त्यानं बत्तीची नळी फुंकून साफ केली आणि पुन्हा काम धरलं.

३

सकाळी किंकाळी उठली ती रुख्माच्या घरातून. साहेब बंडी अडकवून पळाला, उमराव आणि आणखी चारपाच जण मागोमाग.

अंगणात उखळापाशी यादोराव पडला होता. पडला होता म्हणजे जे उरलं होतं ते पडलं होतं. मुसळानं त्याचं डोकं कांडलं होतं, भात कांडतात तसं, सावकाश आणि पुरतं. उखळात रक्त साचलं होतं आणि त्यावर साळीचा कोंडा तरंगत होता. दात पार तुळशीपर्यंत उडाले होते. रुख्मा भिंतीला टेकून बसली होती. मुसळ तिच्या मांडीवर. हात कोपरापर्यंत लाल. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडून मागं वळली होती. तिनं मुसळ धरून ठेवायचा प्रयत्न केला होता की ओढून घ्यायचा, ते देवाला ठाऊक.

"रुख्मे, कोनं केलं व?" उमरावनं विचारलं.

ती फक्त रिकामा गडवा बोटानं दाखवत राहिली.

पाहुणी नव्हती. केशोरीला माणूस धाडला तर खरी शामकला तिथं शेतात धान कापत होती, गेल्या होळीपासून गाव सोडून कुठं गेली नव्हती. बकाराम ढिवर छातीवर हात मारून म्हणाला, "मी कोनाले आनलंच नाई जी. डोंगा दिवसभर पाळीवर बांधून होता."

पोलीस आले. जमादारानं सगळ्यांना विचारलं. साहेबानं सांगितलं की मी एक बाई पाहिली. जमादार आदबीनं म्हणाला, "साहेब, ती आली कशी? उडत?" धुळीचं सांगावं असं साहेबाच्या ओठावर आलं, पण ते ऐकून जमादार आतल्या आत हसेल, या विचारानं गिळलं. नवराबायकोचं भांडण, असं ठरलं. रुख्माला दोरीनं बांधून डोंग्यात बसवली. चिखलातून नेताना ती तोल जाऊन पडली आणि दोघांनी तिला काखेत धरून ओढली. सबंध गाव काठावर उभं राहून बघत होतं.

त्या वर्षी मंडई झाली नाही. त्याच संध्याकाळी मारुतीपाशी बसून उमरावनं सगळ्यांना सांगितलं, "आता आईकून घ्या. आजपासून चिखल नसंल त्याले पानी नाई. आन कोरड्या पायाचं कोनी दारात दिसलं, तर विचारत बसू नका. आधी डोंग्याची बल्ली घाला डोक्यात."

साहेब ताडकन उठला. "काऊन? आणि चुकून खरा माणूस असंल तर?"

"खऱ्या मानसाले चिखल लागते, साहेब."

"कोणाला मारायचं नाही. मी सांगून ठेवतो. पोलीस यावर डोळे झाकणार नाहीत."

उमराव त्याच्याकडे बघत राहिला. "रुख्माच्या घरी तुमी पाहिलं. तुमाले दिसलं. तरी असं बोलून राहिले?"

साहेब घरी आला आणि सुभद्राबाईवर उगीचच खेकसला.

४

माणूस शिकलेला असला की त्याला एक रोग असतो. जे डोळ्यांनी पाहिलं ते तो डोक्याला पटवून द्यायला बसतो. साहेब बसला. बाई दुसऱ्या कुठल्या डोंग्यानं आली असेल, चोराच्या टोळीची असेल, धूळ म्हणजे गेरू फासलेला असेल. सगळं जुळत होतं. फक्त पाणी स्वच्छ का वाहिलं, तेवढं जुळत नव्हतं.

सुभद्राबाईनं मात्र गडवा ओसरीवरून उचलून आत खुंटीला टांगला, भरूनच. "मी दिल्याबिगर कोनाले पानी द्याचं नाई," एवढं बोलली. आणि बदकांची बंदूक कोनाड्यातून काढून, पुसून, कवाडामागं उभी केली.

आठवडा गेला असेल. पुन्हा तसलीच दुपार. साहेब जेवून खाटल्यावर आडवा झाला होता. बाहेरून आवाज आला.

"बाबा?"

त्यांचं बोलणं अर्थातच त्यांच्या भाषेत झालं, मी आपल्यात सांगतो. पण त्या हाकेला भाषा लागत नाही. साहेब उठून धावतच दारात आला. ओसरीखाली ती उभी होती. टोपी, लांब हात, बापाचं नाक. फोटोतलीच, पण हसणारी.

"एल्सी," तो म्हणाला.

"किती म्हातारे झालात. टॅम मेला ना हो?"

टॅम म्हणजे त्यांचा कुत्रा. पुढचा डावा पाय लंगडा होता. पोर चार वर्षांची असताना त्याच्या पाठीवर बसायची. टॅमचं नाव साहेबानं गावात कुणाला सांगितलं नव्हतं, पत्रातही कधी लिहिलं नव्हतं.

"मेला ग," साहेब रडायला लागला. "तू गेलीस त्याच साली."

"लंगडा पाय दुखायचा त्याला पावसात. आणि तुम्ही रात्री त्याला पुलाचं गाणं म्हणायचात, खोटं खोटं, मला झोप यावी म्हणून. आठवतंय मला. सगळं आठवतंय." ती एक पायरी चढली. "दमले मी. पायांवर पाणी घाला ना."

साहेबानं वळून खुंटीवरचा गडवा काढला. आणि सुभद्राबाईनं त्याचं मनगट धरलं. चुलीपुढून उठून ती कधी आली ते त्याला कळलंही नव्हतं.

"पाय पाहा," ती म्हणाली.

त्यानं पाहिले. पांढरे जोडे लाल झाले होते. धूळ. घोट्यापर्यंत, मोज्यांवरसुद्धा.

"पोरगी आहे माझी! सोड!"

"साहेब, पाहा म्हंतो नं मी!"

त्यानं तिला ढकललं. आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. ती चुलीवर आदळली, पेजेचं मडकं फुटलं, ती किंचाळली. पण उठली. पेटतं लाकूड चुलीतून ओढलं आणि साहेबाच्या खांद्यावरून सरळ त्या पोरीच्या तोंडावर फेकलं. लाकूड गालाला लागून ठिणग्या उडाल्या. केस पेटायला हवे होते. पेटले नाहीत. तिनं साधी पापणीही हलवली नाही. हसणं तसंच, जागच्या जागी, आणि साहेबाकडेच बघत होती.

गडवा त्याच्या हातून खाली पडला. पाणी आतल्या आत, शेणाच्या जमिनीत जिरलं.

"असू द्या," पोर म्हणाली. "पाणी उद्या द्याल."

ती वळून गल्ली उतरून गेली. साहेब दारातून हलला नाही. सुभद्राबाईच्या दंडावर पेज सांडून वीतभर कातडं सोललं होतं. त्यानं तिला खोबरेल लावलं, पाया पडला, माफी मागितली. ती म्हणाली, "तुमची चूक नाई. लेकरू म्हनलं का मानूस आंधळा होते." आणि खुंटीवर गडवा पुन्हा भरून टांगला.

५

सकाळी ती घरात नव्हती. पाणी आणायला उतारावर गेली असेल म्हणून साहेब थोडा वेळ थांबला, मग स्वतः गेला.

सुभद्राबाई काठाशी पालथी होती. वीतभर पाणी असेल नसेल तिथं. तोंड गाळात दाबलेलं, कानांपर्यंत. नुसतं बुडलेलं नाही, दाबलेलं. मानेचं हाड मोडून कातडीखाली वर आलं होतं, आणि मानेवर, केस बाजूला केले तर, टाचेचा ठसा होता. बारीक टाचेच्या बाईच्या जोड्याचा. त्यानं तिला उलटी केली तर नाकातोंडातून काळा चिखल निघतच राहिला. तो बोटांनी काढत राहिला. दोन्ही मुठींत तिनं गवत उपटून धरलं होतं.

उमराव आला. बहिणीकडे बघितलं आणि साहेबाकडे बघितलं. रडला नाही. आवाज दाबून विचारलं, "काल कोनी आलं होतं का, साहेब?"

आता इथं जरा थांबा. साहेबाच्या मनात काय आलं, तेवढं समजून घ्या. हो म्हणावं, तर काय सांगावं? एल्सी आली होती? मग उद्या, परवा, दहा वर्षांनी, त्याची खरी पोर या बेटावर उतरली, तर हेच लोक तोंड बघून बल्ली घालतील. हे नाक, ही टोपी, हे सगळं गावाला माहीत होईल.

"नाही," तो म्हणाला. "कोणी नाही आलं."

उमरावनं मान हलवली. त्याला पटलं नव्हतं, पण बहिणीचा देह उचलायचा होता.

बकारामच्या डोंग्यातून तिला पलीकडे नेलं. पाळीखाली चिता रचली. साहेबानं खांदा दिला, आणि लोकांनी देऊ दिला. कवटी फुटल्याचा आवाज झाला तेव्हा साहेब उठला आणि एकटाच दुसऱ्या डोंग्यानं परत आला. बाकीचे राख विझेपर्यंत थांबणार होते.

आता त्याला कसलीच शंका उरली नव्हती, आणि शंका संपल्यावर त्या माणसात नुसता राग राहिला. गावाला सांगणार नाही. पण ते पुन्हा येणार आहे. त्याच तोंडानं येणार आहे. त्यानं कवाडाला आगळ घातली, बंदुकीच्या दोन्ही नळ्यांत छर्रे भरले, आणि दारासमोर खुर्ची टाकून बसला. खुंटीवर सुभद्राबाईनं भरलेला गडवा तसाच होता.

६

दुपार वर आली. घरात वास येत होता सांडलेल्या पेजेचा, आंबूस. गल्ली सुनसान. कवेलूंवर एक कबुतर चालत होतं, त्याची नखं ऐकू येत होती.

मग पावलं आली. भरभर, जवळजवळ धावत. ओसरीची पायरी. कवाडावर थाप.

"बाबा?"

तोच आवाज. साहेबाचे हात बंदुकीवर घट्ट झाले. कवाडाखाली चार बोटं फट होती. त्यातून जोड्यांची टोकं दिसत होती. पांढरी. चिखल नाही.

"बाबा, आहात का? मी एल्सी. मी... मी लिहिलं नाही येते म्हणून. चुकलं माझं. आई गेली मार्चमध्ये. तुमची पत्रं तिनं दिलीच नव्हती मला, फक्त एक हाती लागलं, तेव्हा तो फोटो धाडला. मग सगळी सापडली, एकदम. उघडा ना."

काय गोड रचलंय, साहेबाला वाटलं. आज आईसुद्धा आणली.

"कुत्र्याचं नाव काय होतं?" त्यानं विचारलं.



"कुठल्या कुत्र्याचं?"

"आपल्या."

"आपल्याकडे कुत्रा होता?" ती हसली, घाबरल्यासारखी. "मला नाही आठवत, बाबा. मी चार वर्षांची होते. तुमचं तोंडसुद्धा नाही आठवत. म्हणून तर आले."

काल सगळं आठवत होतं, आणि आज काही नाही. थट्टा करतंय, साहेबाला वाटलं. माझ्या बाईचं तोंड चिखलात दाबून वर माझी थट्टा करतंय. त्यानं बंदूक उचलली आणि फळ्यांच्या मधोमध दोन्ही नळ्या एकदम सोडल्या.

कवाडाचा तुकडा उडाला. बाहेर काहीतरी ओसरीवरून पायरीवर आणि पायरीवरून खाली कोसळलं. साहेबानं आगळ काढली. ती दगडावर पडली होती, छाती फाटलेली, तोंड उघडून श्वास ओढत होती आणि श्वास छातीतूनच फसफसत होता. डोळे त्याच्याकडे. हात उचलला तिनं. त्यानं बंदूक उलटी धरली आणि दस्ता तोंडावर घातला. "ही सुभद्राची," तो ओरडला. पुन्हा घातला. "ही सुभद्राची!" नाक गेलं, दात गेले, आणि तिसऱ्यांदा मारायला काही हलत नव्हतं.

तो वाट बघत उभा राहिला. आता हे विरघळेल, किंवा धूळ होईल, किंवा हसेल. रक्त दगडावरून वाहत मातीत गेलं. त्यावर माशी बसली.

मग त्यानं जोडे पाहिले. पांढरे होते. नुसते पांढरे. चिखल नव्हता, आणि धूळही नव्हती. कणभरसुद्धा नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी हाक आली.

"साऽहेब! धोतर काढा जी, धोतर! काठाचं!"

बकाराम वर येत होता. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, डोक्यावर कातडी पेटी. गावात मयत झालेली, म्हणून उतारावर त्यानं आरोळी ठोकली नव्हती. आता घराजवळ आल्यावर मात्र त्याला राहवलं नाही.

"फटाक्यावानी आवाज झाला काय तं? पोरीचं सामान जड हाय जी! येकटीच आली, गोंद्याहून गाडीनं आन मंग बैलाच्या खासरानं. तुमी म्हनलं होतं तशी खांद्यावर आनली, थेंब नाई लागू देल्ला. डोंग्यात बसून रुमालानं जोडे पुसून राहिली होती सारखी, बापापुढं जाचं म्हून. मी म्हनलं, थांब बाई, पेटी घेऊन संगं जाऊ, काऊन का गावात सध्या कोरडे पाय... पन आईकते कुठं, पळाली नं..."

त्यानं कोपरा वळून पाहिलं. पेटी डोक्यावरून घसरली आणि खाली आपटून उघडली. लोकरीचे कपडे, एक फुटलेली मुरंब्याची बरणी, आणि दोऱ्यात बांधलेली सगळी पत्रं मातीत पसरली.

साहेब वळला. आत गेला. खुंटीवरचा गडवा काढला, सुभद्राबाईनं भरलेला. बाहेर येऊन गुडघ्यांवर बसला आणि पोरीचे पाय मांडीवर घेतले. जोडे काढले. मोजे काढले. टाचेला नव्या जोड्याचा फोड आला होता.

"साहेब," बकाराम कसाबसा म्हणाला. "पानी नका घालू. साहेब, मेलेल्याले घालत नाई. आईका."

पण साहेबाची पोर आली होती, एवढ्या लांबून, आणि तिच्या पायांवर पाणी घालायचं राहिलं होतं. त्यानं गडवा कलता केला. सावकाश, दोन्ही पायांवर, शेवटच्या थेंबापर्यंत. पाणी उंबऱ्याच्या दगडावरून वाहत गेलं, लाल होऊन.

आतल्या खोलीत लोखंडी खाट करकरली. दमलेलं माणूस अंग टाकतं, तशी.

"आता बरं वाटलं," आतून आवाज आला. "बाबा, टॅमचं गाणं म्हणा ना."

साहेबानं मान वर केली आणि बकारामकडे पाहिलं. बकाराम एकेक पाऊल मागं सरत होता, उघड्या कवाडातून आतल्या अंधाराकडे बघत. त्यालाही ऐकू आलं होतं.